बेवारस पैशाची सरकारी सेवा: शोधायचे कोणी?

माझ्या एका मामांच्या निधनानंतर त्यांच्या कागदपत्रांत मुदत ठेवीची एक जुनी पावती सापडली. पावतीवर नावाची आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच होते, पत्ता घडीवर पडल्याने अर्धा पुसला गेला होता, आणि ज्या बँकेचा शिक्का होता ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. त्या कागदाचा माग काढता काढता लक्षात आले की मालक न सापडलेल्या पैशाचे आणि वारस नसलेल्या मालमत्तेचे काय करायचे, यासाठी जवळजवळ प्रत्येक देशाने काही ना काही व्यवस्था उभी केलेली आहे, आणि तिचे बहुतेक ग्राहक आपण ग्राहक आहोत याची कल्पना नसलेले असतात. या व्यवस्थांचे परीक्षण इतर कोणत्याही सेवेप्रमाणे व्हायला हरकत नाही असे वाटले, म्हणून हा लेख. अर्ज किती लांब आहे, उत्तर किती दिवसांत येते, मुदत किती आहे हे सगळे पाहिले. पण मुख्य कसोटी एकच ठेवली, ती म्हणजे शोधण्याचे काम सरकार स्वतः करते की ते वारसाच्याच गळ्यात टाकते.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण सरकारी संकेतस्थळांवर तो सहसा अस्पष्ट राहतो. बँकेत दहा वर्षे पडून राहिलेली ठेव आणि एकही नातेवाईक मागे न ठेवता वारलेल्या माणसाचे घर, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात मालक कुठेतरी असतो, तो किंवा त्याचे वारस फक्त संपर्कात नसतात. त्यामुळे सरकार बहुतेक ठिकाणी रखवालदाराच्या भूमिकेत असते. दुसऱ्या प्रकारात सरकार शेवटचा वारस म्हणून मालमत्तेत शिरते. ही दुसरी कल्पना फार जुनी आहे. वारस नसलेले द्रव्य राजाने घ्यावे, मात्र विधवेच्या निर्वाहाची आणि अंत्यविधीची रक्कम बाजूला काढून घ्यावे, आणि श्रोत्रियाच्या द्रव्याला हात लावू नये, असा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. म्हणजे घेण्यापूर्वी देणी भागवायची असतात, हे तेव्हाही मान्य होते. वारस आहे की नाही हे ठरवणारा आणि नसल्यास लाभ होणारा एकच असला की काय घडते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा न्यायाधीश आणि लाभार्थी एकाच खुर्चीत बसले होते.

आता उद्गम या रिझर्व्ह बँकेच्या शोध पोर्टलकडे वळतो, कारण मामांच्या पावतीसाठी मी सर्वांत जास्त वेळ तिथे घालवला. भारतात दहा वर्षे ज्या खात्यात काही व्यवहार झाला नाही, किंवा ज्या मुदत ठेवीवर मुदत संपल्यानंतर दहा वर्षे कोणी दावा सांगितला नाही, तिची रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत भरतात. ही योजना २०१४ ची आहे. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. २०२३ पर्यंत प्रत्येक बँकेने आपापल्या संकेतस्थळावर स्वतंत्र यादी टाकायची आणि शोधणाऱ्याने एकेक बँक पालथी घालायची, अशी पद्धत होती. १७ ऑगस्ट २०२३ रोजी उद्गम हे एकत्रित शोध पोर्टल सात बँकांसह सुरू झाले आणि मार्च २०२४ पर्यंत त्यात ३० बँका आल्या. निधीतील सुमारे ९० टक्के रक्कम या बँकांची आहे. हे काम खरोखर चांगले झाले आहे, यात शंका नाही.

परंतु प्रत्यक्ष वापरताना अडचणी पहिल्याच पानापासून सुरू होतात. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करावी लागते, ओटीपी येतो, मग नाव आणि बँक निवडायची आणि त्यासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी किमान एक द्यायची. ज्या ठेवी सर्वांत जुन्या, म्हणजे ज्यांच्यासाठी हे पोर्टल सर्वांत जास्त उपयोगाचे, नेमक्या त्याच ठेवींच्या नोंदीत यांतले बहुधा काहीच नसते. मामांनी ठेव ठेवली तेव्हा त्यांच्याकडे पॅन नव्हता आणि बँकेने जन्मतारीख विचारलेली नव्हती. पत्त्यावरून शोधण्याचा पर्याय आहे, तो मी वापरला, आणि पहिल्या तीन प्रयत्नांत काहीही हाती लागले नाही. चौथ्या वेळी आडनावाचे रोमन स्पेलिंग बदलून पाहिले, जे कोणी शहाणा माणूस लिहिणार नाही असे, आणि नोंद समोर आली. देवनागरीत एकच असलेले आडनाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिता येते आणि नोंद करणाऱ्या कारकुनाने त्यांतला कोणता प्रकार निवडला हे वारसाला कळण्याचा काहीच मार्ग नाही, ही गोष्ट या पोर्टलच्या रचनेत कोणी गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या ठेवींचे काय होत असेल, याचा विचार करवत नाही.

नोंद सापडल्यावर एक संदर्भ क्रमांक मिळतो. रक्कम दिसत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण आकडा उघड केला तर खोटे वारस उभे राहायला वेळ लागत नाही. दावा मात्र पोर्टलवर करता येत नाही. त्यासाठी बँकेच्या शाखेतच जावे लागते. बँक पैसे देते आणि नंतर निधीतून परतावा घेते, अशी ही साखळी आहे. व्याजी ठेवींवर निधीत गेल्यानंतरही व्याज मिळते, पण ११ मे २०२१ पासून त्याचा दर सरळव्याजाने ३ टक्के आहे. महागाई मोजली तर ही रक्कम राखली जात नाही, ती हळूहळू झिजते. रखवालदाराने आपला पगार कुठून घेतला हे विचारायला इथे जागा आहे.

शेअर आणि लाभांशाची सोय निराळी आहे. लाभांश सलग सात वर्षे उचलला नाही तर तो आणि त्यामागचे शेअरही गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, आणि परत मिळवण्यासाठी जो अर्ज भरावा लागतो त्याची पडताळणी कंपनीमार्फत होते. विमा कंपन्यांकडील दहा वर्षे पडून राहिलेल्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, आणि तिथे गेल्यानंतर २५ वर्षांत कोणी पुढे आले नाही तर त्या केंद्र सरकारच्या होतात. तीन निधी, तीन अर्ज, तीन मुदती, आणि वारसाजवळ असतो एकच मृत्यू दाखला.

अमेरिकेतील व्यवस्था याच्या उलट टोकाची आहे. तिथे केंद्रीय पातळीवर एकच खाते नाही. प्रत्येक राज्याचा स्वतःचा विभाग आहे, तीन ते पाच वर्षे संपर्क नसला की बँका, विमा कंपन्या, नोकरी देणाऱ्या संस्था, अगदी वीज कंपन्यासुद्धा अनामत रकमा राज्याकडे जमा करतात, आणि बहुतेक राज्यांत मालकाचा हक्क कधीच संपत नाही. अनेक राज्यांच्या नोंदी एका विनामूल्य संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. नाव टाकायचे, शोधायचे. ओळखीचा पुरावा दावा करताना द्यायचा, शोधताना नाही. उद्गम वापरून आलेल्या माणसाला हा मोकळेपणा आधी संशयास्पद वाटतो आणि मग हेवा वाटतो.

पैसा कोणत्या राज्याने घ्यायचा, हा वाद मात्र तिथे दीर्घकाळ चालला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात क्रम ठरवून दिला: मालकाचा शेवटचा ठाऊक पत्ता ज्या राज्यात, त्या राज्याला पैसा जाईल, पत्ताच नसेल तर ज्या राज्यात कंपनी नोंदवलेली आहे त्या राज्याला. हा दुसरा नियम वाचायला किरकोळ वाटतो, पण अमेरिकेतील असंख्य मोठ्या कंपन्यांची नोंदणी डेलावेअर या चिमुकल्या राज्यात आहे, त्यामुळे देशभरातले हरवलेले पत्ते डेलावेअरच्या तिजोरीत उगवतात, आणि बेवारस पैसा हा त्या राज्याच्या उत्पन्नाच्या मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. ज्या सरकारचा अर्थसंकल्प मालक न सापडण्यावर अवलंबून आहे, ते सरकार मालकाला किती उत्साहाने शोधेल? २०२३ मध्ये याच डेलावेअरला एक धक्का बसला. मनीग्राम या पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या धनादेशांसारख्या काही साधनांवरील न वटलेली रक्कम ती जिथे विकत घेतली गेली त्या राज्याची आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या केंद्रीय कायद्याच्या आधारे दिला.

आणखी एक खोट तिथे आहे, जी शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांना जड जाते. एखाद्याने शेअर घेतले आणि वर्षानुवर्षे तसेच ठेवले, हा शहाणपणा समजला जातो. पण राज्याच्या दृष्टीने तो माणूस हरवलेला ठरू शकतो, आणि राज्याने शेअर ताब्यात घेऊन विकले तर मालकाला विक्रीच्या दिवसाची रक्कम मिळते, नंतर झालेली वाढ नाही. कॅलिफोर्नियात मालकांना पुरेशी सूचना न देताच हे होत असल्याच्या तक्रारीवरून २००७ मध्ये संघीय न्यायालयाला मनाई हुकूम द्यावा लागला होता.

तरीही माझ्या कसोटीवर सर्वांत वर येणारी गोष्ट अमेरिकेतच सापडली. इलिनॉयसारख्या काही राज्यांनी आपल्याकडच्या बेवारस रकमांच्या नोंदी इतर सरकारी नोंदींशी जुळवून पाहायला सुरुवात केली, आणि जिथे मालकाची ओळख पक्की पटली तिथे दावा न मागता सरळ धनादेश पोस्टाने पाठवला. जे सरकार कर थकला तर आपला पत्ता शोधून काढते, ते देणे असतानाही तोच पत्ता शोधू शकते, हे यावरून सिद्ध झाले. तंत्रज्ञान अवघड आहे ही सबब आता कोणाच्याही तोंडी शोभत नाही.

वारस नसलेल्या मालमत्तेची सेवा पाहायची असेल तर इंग्लंडकडे जावे लागते. मृत्युपत्र नाही आणि जवळचे नातेवाईक नाहीत, अशी इंग्लंड आणि वेल्समधील मालमत्ता राजसत्तेकडे जाते, आणि सरकारी विधी विभागाची एक शाखा तिचा कारभार पाहते. लँकेस्टर आणि कॉर्नवॉल या दोन डचींच्या, म्हणजे राजघराण्याच्या जहागिरींच्या हद्दीत मात्र ती त्या त्या डचीकडे जाते. या शाखेने अनेक वर्षे अशा मालमत्तांची यादी कामाच्या प्रत्येक दिवशी प्रसिद्ध केली. ती एका साध्या तक्त्याच्या स्वरूपात असे. आडनाव, नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचे ठिकाण, माहेरचे नाव, वैवाहिक स्थिती, जन्मस्थळ, जोडीदाराचे नाव, राष्ट्रीयत्व, धर्म, असे रकाने, आणि त्यांतले बहुतेक रिकामे. एका ओळीत मृत्यूचे शहर आणि तारीख आहे, बाकी सगळे कोरे. दुसऱ्या ओळीत जन्मस्थळ परक्या देशातले. मी अशा ओळी तासभर वाचत बसलो. कोणत्याही सरकारी दस्तऐवजाने एकटेपणाची एवढी स्वच्छ नोंद ठेवलेली मी पाहिली नाही. रक्कम या तक्त्यातही नसे, आणि निव्वळ ५०० पौंडांपेक्षा कमी मालमत्ता या शाखेच्या हातातच येत नाही.

या सेवेच्या दोन गोष्टी मला आवडल्या. एक म्हणजे मुदतीची स्पष्टता: कारभार पूर्ण झाल्यापासून १२ वर्षांत हक्क सिद्ध केला तर रक्कम व्याजासह मिळते, आणि त्यानंतरही मृत्यूपासून ३० वर्षांपर्यंत विनाव्याज मागता येते. दुसरी म्हणजे ऐच्छिक अनुदानाची तरतूद: कायद्याने वारस नसलेल्या, पण मृताबरोबर राहिलेल्या किंवा त्याची शुश्रूषा केलेल्या माणसाला राजसत्तेकडे अर्ज करता येतो. जपानने ही सोय थेट नागरी संहितेत घालून ती न्यायालयाकडे सोपवली आहे. तिथे कौटुंबिक न्यायालय मालमत्तेसाठी प्रशासक नेमते, वारसांना पुढे येण्यासाठी किमान सहा महिन्यांची जाहीर नोटीस निघते, आणि ती संपल्यावर तीन महिन्यांच्या आत मृताशी विशेष संबंध असलेली व्यक्ती हिस्सा मागू शकते. उरलेले सरकारी तिजोरीत जाते, आणि लोकसंख्या वृद्ध होत चाललेल्या त्या देशात ही रक्कम २०२३ या आर्थिक वर्षात १०० अब्ज येनच्या पलीकडे गेली. ज्या शेजाऱ्याने शेवटची काही वर्षे रोज दार वाजवून चौकशी केली, त्याच्यापेक्षा तिजोरीचा हक्क वरचढ नसावा, हा विचार मला इतर सगळ्या तरतुदींपेक्षा सुसंस्कृत वाटतो.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २९ सांगते की कोणीच वारस नसेल तर मालमत्ता सरकारकडे जाईल, तीही वारसावर असत्या त्या सर्व जबाबदाऱ्यांसह. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की वारस नाही हे सिद्ध करण्याचा मोठा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे. हा भार किती गंभीरपणे घेतला जातो ते खेतडीच्या प्रकरणात दिसते. राजा बहादूर सरदार सिंह १९८७ मध्ये निपुत्रिक वारले, मृत्युपत्राने त्यांनी मालमत्ता न्यासाला दिली होती, तरी राजस्थान सरकारने ती बेवारस म्हणून ताब्यात घेतली, आणि सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले ते २०२५ मध्ये. मृत्युपत्र होते, न्यास होता, वकील होते, तरी इतकी वर्षे लागली. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याने काय करावे? वारस नसलेल्या मालमत्तांची अशी एखादी राष्ट्रीय यादी तरी हवी होती, पण ती आपल्याकडे नाही.

मुदतींच्या बाबतीत देशोदेशी चालणारा खेळ थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियात बँकेतील पैसा सात वर्षांनी सरकारकडे जातो, पण मागण्याला कालमर्यादा नाही आणि जुलै २०१३ पासून त्यावर व्याजही मिळते. कॅनडात दहा वर्षांनी रक्कम मध्यवर्ती बँकेकडे जाते आणि १,००० डॉलरपेक्षा कमी असेल तर ती आणखी ३० वर्षे, त्याहून जास्त असेल तर १०० वर्षे सांभाळली जाते. फ्रान्समध्ये दहा वर्षांनंतर पैसा एका सार्वजनिक वित्तसंस्थेकडे जातो, २०१७ पासून सिक्लाद या संकेतस्थळावर तो शोधता येतो, आणि आणखी वीस वर्षांनी तो सरकारचा होतो. स्वित्झर्लंडची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रश्न केवळ विस्मरणाचा नव्हता. नाझी छळात मारल्या गेलेल्या ठेवीदारांच्या खात्यांवरून झालेला वाद १९९८ मध्ये १.२५ अब्ज डॉलरच्या तडजोडीने मिटला, आणि त्या नामुष्कीनंतर अनेक वर्षांनी, २०१५ मध्ये, साठ वर्षे संपर्क नसलेल्या आणि ५०० फ्रँकांवरील खात्यांची नावे उघडपणे प्रसिद्ध होऊ लागली. गुप्ततेचा टेंभा मिरवणाऱ्या बँकांनासुद्धा यादी लावावी लागली. आपली अडचण तर गुप्ततेचीही नाही.

उघड यादीचे तोटे आहेत, हे मी नाकारत नाही. इंग्लंडच्या यादीवर वारस शोधून देण्याचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. वंशावळीचे जाणकार सकाळी नवी नावे पाहत, दुपारपर्यंत एखाद्या दूरच्या चुलत भावाचे दार ठोठावत आणि हिस्सा ठरवून सही घेत. काही कंपन्या प्रामाणिकपणे काम करतात. तरीही जे काम सरकार विनामूल्य करू शकते त्यासाठी वारसाने टक्केवारी मोजावी, हे पटत नाही. बनावट मृत्युपत्रांचा धोका त्याहून मोठा आहे, आणि त्यावर उपाय यादी बंद करणे हा नसून दाव्याची छाननी कडक करणे हा आहे.

गुणच द्यायचे तर विनादावा धनादेश पाठवणाऱ्या अमेरिकी राज्यांना पाचापैकी साडेचार, सगळ्या अमेरिकेला मात्र तीन, जपानच्या न्यायालयीन पद्धतीला चार, इंग्लंडला साडेतीन, ऑस्ट्रेलियाला चार, आणि उद्गमला अडीच, त्यातला अर्धा गुण उत्तम कल्पनेसाठी. पोर्टलने स्पेलिंगचे पर्याय स्वतः तपासले, बँकांनी जुन्या नोंदी नव्या खात्यांशी जुळवून पाहिल्या आणि शाखेऐवजी पोर्टलवरच दावा घेतला, तर पुढच्या वेळी हे गुण वाढवायला मला आनंद होईल. नियमांच्या बाजूने हालचाल सुरू आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, आणि मृत खातेदाराच्या दाव्याचा निकाल सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत लावण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातले आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या शेअरबाबत पुन्हा स्पष्ट केले आहे, त्यामुळे चार नावे घातली तरी मृत्युपत्र करण्याचे काम टळत नाही.

मामांची ठेव शाखेत सापडली आहे. अधिकाऱ्यांनी संदर्भ क्रमांक पाहिला, मृत्यू दाखला घेतला, हमीपत्राचा नमुना दिला आणि सर्व कायदेशीर वारसांच्या सह्या मागितल्या. पावतीवर आद्याक्षरे आहेत, म्हणून आता ‘ही आद्याक्षरे असलेली व्यक्ती आणि दाखल्यावरील व्यक्ती एकच आहे’ असे शपथपत्र करून द्यायचे आहे.